ताव्हेत्तीसाठी एक स्प्रूस

विल्हो पहाटे चारला उठायचा. राय धान्याचा काळा पाव, खारवलेला मासा, कॉफी. पाचला तो बर्फातून जंगलाच्या वाटेला लागलेला असे. बावन्नाव्या वर्षीही त्याची दिवसभरात तोडलेल्या लाकडांची रास तरुणांच्या राशीपेक्षा उंच असे.

एकवीस वर्षं त्याने आणि ताव्हेत्तीने दोन टोकं धरून एकच करवत ओढली. मग ताव्हेत्तीचे डोळे गेले आणि तो गावच्या वृद्धाश्रमात राहायला गेला.

"बाकी ठीक आहे," तो विल्होला म्हणाला. "झाडं तेवढी नाहीत रे इथं."

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या साइमीबाईंनी एकदा पियानोवर स्प्रूसच्या, त्यांच्या जंगलातल्या सूचीपर्णी झाडावरची एक छोटी रचना वाजवली होती. त्यांच्याच देशातल्या संगीतकाराची. विल्होने ठरवलं, हे झाड ताव्हेत्तीकडे न्यायचं. पियानोला त्याने आयुष्यात हात लावला नव्हता. तो दर रविवारी बाईंकडे शिकू लागला. बदल्यात त्यांचं जळण फोडून द्यायचा.

"रेटतोस कशाला?" बाई म्हणायच्या. "पियानो आहे, अडलेला घोडा नाही."

दोघांच्या करवतीचा नियम एकच: आपण ओढायचं, मग जोडीदार ओढताना हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं. विल्होने तसा हात सोडून पाहिला आणि सूर मोकळा झाला. तरी रचना बसायला दोन हिवाळे गेले.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरातल्या पियानोवर त्याने ती वाजवली. ताव्हेत्ती मान तिरकी करून ऐकत होता. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकताना ऐकायचा, तसाच.

"झाड आतून कुजलंय," तो म्हणाला.

"माझी बोटंच जाड."

"बोटांवर ढकलू नकोस. उघडून बघ."

विल्होने झाकण उघडलं. आत तारा गंजलेल्या, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरची लोकर किड्यांनी खाल्लेली. वृद्धाश्रमाकडे दुरुस्तीला पैसे नव्हते. विल्हो जंगलात परतला आणि मार्चभर त्याने रविवारीही करवत चालवली.

एप्रिलमध्ये शहरातून कारागीर आला. दोन दिवस त्याने हातोड्यांवर नवी लोकर चढवली, एकेक गंजलेली तार बदलून जुळवली, घाई केली नाही. विल्हो शेजारी बसून बघत होता. काम त्याला पटलं.

मग विल्होने वाजवलं. शेवटचा सूर विरेपर्यंत ताव्हेत्तीने मान तिरकीच ठेवली.

"हे निरोगी आहे," तो म्हणाला. "तोडू नकोस. आणि तू नवे बूट घेणार होतास ना?"

"पुढच्या हिवाळ्यात."

मार्चची अख्खी मजुरी त्या तारांत गेली होती.

"मग परत वाजव," ताव्हेत्ती म्हणाला. "सावकाश. शेंड्यापर्यंत जायचंय."