सोयरिकीची घंटा

नागपूरच्या पाठशाळेतील अध्ययन पुरे करून मी कळमेश्वरच्या वाटेवरील आमच्या गावी परतलो आणि वडिलांच्या पश्चात गावाचे पौरोहित्य माझ्याकडे आले. इंग्रजी अंमल होता. तंटा झाला की ठाण्याची वाट धरावी, अशी सवय लोकांना लागू पाहत होती. तरी गुरांचे तंटे पुष्कळदा नाल्याकाठीच मिटत. ते कसे मिटत, हे मी एकदा जवळून पाहिले.

आमच्या गावाची गुरे एक विधवा गोवारीण आणि तिचा मुलगा राखीत. गुरे राखणाऱ्यास आमच्याकडे गायकी म्हणतात. नाल्यापलीकडच्या गावाचा गायकी हा तिचा जावई. बहिणीच्या लग्नात मुलाने आपल्या म्होरक्या गाईच्या गळ्यातील लाकडी घंटा सोडून मेहुण्याच्या हाती दिली होती. त्यांच्यात ही सोयरिकीची खूण. जावयाने ती आपल्या म्होरक्या गाईला बांधावी. पुढे ती उतरवणे म्हणजे सोयरीकच उतरवणे.

त्या हिवाळ्यात आमच्या गाई नाला ओलांडून पलीकडच्या उभ्या गव्हात शिरू लागल्या. तिकडच्या शेतकऱ्यांनी त्या कोंडवाड्यात घातल्या, इकडच्यांनी गायक्याला धारेवर धरले. मुलगा म्हणे, भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, माझ्या गाई फितवतो. जावई म्हणे, साला मुद्दाम सोडतो. एके सकाळी दोघांच्या काठ्या चालल्या आणि मुलाचा हात मोडला. मग दोन्ही गावांतील तरणी पोरे कुऱ्हाडी पाजळू लागली.

अशात ती विधवा माझ्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली.

“महाराज, मुहूर्त पाहून द्या.”

“कशाचा?”

“लेकीले आणाचा. पहिलटकरीण आहे, दिवस भरत आले.”

“आणायला कोण जाणार?”

“तेच तर इचारून राहिली मी. भाऊ जाईन तर त्याचा दुसरा हात मोडतीन. मी जाईन तर इवाई म्हणतीन, पोराचा हात मोडला तरी मायले लाज नाई. पंचांगात काही सापडते का पहा.”

तिची पहिली मुलगी सासरी बाळंतपणातच गेली होती, हे मला ठाऊक होते. पंचांगात मुहूर्त होता, वाट नव्हती. मी तिच्या व्याह्याकडे गेलो आणि दुपारी गुरे पाण्यावर येतात त्या वेळी, नाल्याच्या वाळूत, दोन्ही घरांनी बसावे असे ठरवले.

ठरल्याप्रमाणे सारे जमले. मुलाचा हात झोळीत होता, म्हणून गुरे विधवाच घेऊन आली होती. तिने ती आमच्या काठच्या सावलीत बसवली. बोलणे मात्र पहिल्या वाक्यालाच अडले.

“आधी त्यानं म्हणावं, गाई म्या फितवल्या,” मुलगा म्हणाला.

“फितवाले तुह्या गाई काही राजाच्या राण्या आहेत का गा?” जावयाचा बाप हसला. “हाडं मोजून घ्यावं एकेकीचे!”

“तुमच्या गव्हानं भरून आले ना आता हाडं, इवाईबुवा!” विधवेने लगेच ऐकवले.

हसावे की उठून जावे, हे कोणास कळेना. इतक्यात पलीकडच्या उतारावरून जावयाची गुरे रोजच्या सवयीने आपणच पाण्यावर येऊ लागली. पुढच्या गाईच्या गळ्यातील लाकडी घंटा खडखडली. तो नाद ऐकताच आमच्या काठावर रवंथ करीत बसलेल्या गाईंनी कान टवकारले, एकेक करून त्या उठल्या आणि आमच्या बैठकीमधूनच, वाळू उडवीत, पलीकडे चालू लागल्या. विधवेने हाका मारल्या. एकीनेही मान वळवली नाही.

“घ्या! चोर आपल्याच पायानं चालले,” व्याही उद्गारला, पण त्याचे हसू अर्ध्यावरच थांबले.

वासरे होती तेव्हापासून त्या गाई त्याच घंटेमागे चालत आल्या होत्या. घंटा नाल्यापलीकडे गेली, त्याही गेल्या. ज्या वस्तूने दोन घरे जोडायची, तिनेच ती फोडली होती, आणि यात कोणाचेही कपट नव्हते. मुलगा खाली पाहू लागला. जावई दूर उभ्या आपल्या गाईकडे पाहत राहिला.

कारण कळले, पण गाठ अधिकच आवळली. घंटा परत मागावी, तर मुलाला दिलेले परत घेतल्याचा दोष. शास्त्रात त्याला दत्तापहार म्हणतात. जावयाने ती सोडून ठेवावी, तर सोयरीक मोडली. व्याह्याने विचारले, “महाराज, देवाले वाहिली तर?”

“म्हणजे गाई देवळात घुसतीन!” विधवा म्हणाली. “मंग सोयरीक देवाशी, अन् माही लेक पुजाऱ्यानं आणावी का?”

मी विचार करून एवढेच सांगितले, “दान दिले की देणाऱ्याची सत्ता संपते आणि घेणाऱ्याची सुरू होते. घंटा आता जावयाची आहे. तिचे काय करावे, हे दुसऱ्या कोणी सांगू नये.”

मग जावई वर न पाहता म्हणाला, “मी उतरवत नाई. पुढं देतो. माह्या लेकराले.”

“ते अजून जन्मलं कुठं?” मुलगा गुरगुरला.

“गर्भातल्या जीवाचाही वाटा शास्त्र मानते,” मी म्हणालो. आयुष्यात शास्त्रवचन सांगताना एवढे समाधान मला क्वचितच झाले असेल.

व्याह्याने मांडीवर थाप मारली. “मंग लेकरू जाईन तिकडं घंटाही जाईन. पाळण्याले बांधा, इहीणबाई. गाईच्या गळ्यात मात्र घालू नका!”

मुहूर्ताच्या सकाळी भाऊ झोळीतला हात सांभाळीत बहिणीला आणावयास निघाला. मीही सोबत होतो. नवरा तिला नाल्याच्या मध्यापर्यंत घेऊन आला आणि घंटा आत बांधलेले तिचे गाठोडे वाळूवर ठेवून थांबला. भाऊही थांबला. ते कोणी उचलावे, हे दोघांनाही उमगेना.

“मले का नाल्यातच बाळंत करता काय गा दोघं?” ती कडाडली.

भावाचा एकच हात चालत होता. तो त्याने बहिणीला दिला. गाठोडे नवऱ्यालाच उचलावे लागले, आणि ते घेऊन त्याला आमच्या काठावर यावे लागले. दारात विधवा तांब्या घेऊन उभी होती. लेकीच्या पायांवर पाणी घालून ती जावयाकडे वळली. तो गाठोडे ठेवून परत फिरत होता.

“आधी पाय धुवा, जवाईबुवा. मंग तोंड फिरवा.”

मुलगा भिंतीकडे पाहत उभा होता. पण दारातून तो बाजूला झाला. जावयाने पाय पुढे केला.