केळीच्या खांबात रोवलेले वाल

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटारीचे वाल, इंजिनातल्या झडपा, घासणं. अंगणात इंजिन उघडं पडलेलं. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून एरंडोल-धुळे चालणाऱ्या माझ्या जुन्या गाडीला कोळशाच्या गॅसची भट्टी लावली होती. तिच्या काजळीनं वालांची वाट लावली. कुरुंदाची पूड तेलात कालवून मी एकेक वाल काठीला लावून त्याच्या घरात, इंजिनातल्या त्याच्या भोकात, फिरवायचो. बायको वरून घासलेट ओतायची आणि खाली ठिपकतं का ते वाकून बघायची.

"गळस. तुम्ही घासेल शे ना, म्हनीसन."

मग माझ्या हातातून काठी ओढून स्वतःच फिरवायची, थेंब थांबेस्तोवर.

ज्या घरात वाल घासला तिथंच तो बसतो. दुसरीकडे घातला की गळतो. आकडे मला जेमतेम, तिला तेही नाहीत. तिनं परड्यातल्या केळीचा खांब तोडून आणला आणि कुठला कुठल्या घरातला ते कळावं म्हणून त्यात सगळे वाल ओळीनं रोवले. पाणी पिऊन येते म्हणून आत गेली, ती माठापाशीच कोसळली. वैद्य येईस्तोवर सगळं संपलं होतं.

संध्याकाळी नदीवरून परतलो तर अंगण भरलेलं. तोंडानं रडणं, डोळे चहाकडे. एक म्हातारी म्हणाली, "अहेव गेली, नशीबवान."

मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला मागं राहिल्या?"

माझी थोरली भावजय, तिला मयताच्या घरात आधी झाडू दिसतो. माणसांना बसायला जागा हवी म्हणून तिनं वाल उपटले, राखेनं घासून धुतले आणि घमेल्यात टाकले. खांब म्हशीला घातला.

"बठ्ठं लोखंड एक जागे करी ठेवं, भाऊ."

मी उपकार मानावेत म्हणून उभी राहिली. तिच्यापेक्षा म्हैस बरी. मुकाट्यानं खात होती.

गावचा मिस्त्री सांत्वनाला आला होता. म्हणे, "त्यात काय? पुन्हा घासा सगळे."

पुन्हा घासले की तिच्या हातचं घासलेलं निघून जाणार. त्या दगडाला काय सांगायचं! मानेनं हो म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घमेलं घेऊन इंजिनापाशी बसलो.

भावजय दारातून ओरडली, "सुतक शे ना, भाऊ! लोके काय म्हनतीन?"

"सुतक मला आहे, इंजिनाला नाही. लोकांना चहा पाज, काही म्हणत नाहीत."

एक वाल उचलला, पहिल्या घरात ठेवला, अंगठ्यानं दाबला, वर घासलेट ओतलं. ठिपकलं. शेजारच्या घरात ठेवला. तिथंही ठिपकलं. भिंतीवरून शेजारी मान काढून बघत होते, वेडा झाला म्हणून. बघेनात का. तो वाल घराघरांतून फिरवत गेलो आणि एका ठिकाणी घासलेट तसंच उभं राहिलं. वाकून खाली बोट लावलं. कोरडं.

हे तिनं घासलेलं.

तो तिथंच राहू दिला आणि घमेल्यातला दुसरा उचलला.