भरतासाठी जाळलेली गंजी

रस्त्याकडेच्या एखाद्या घरापुढे तुम्ही मागच्या वेळी गाडी उभी केलीत, तेव्हा आधी काय पाहिलंत: दार की सावली?

आमच्या जळगावच्या रोड ट्रिप ग्रुपने आजवर फक्त सावली पाहिली आहे. मी या ग्रुपमध्ये आहे, कारण मला रस्ते आवडतात आणि एकटीने निघालं की घरचे फोन करकरून जीव नकोसा करतात. बाकीच्यांना रस्ते आवडत नाहीत, त्यांना किलोमीटर आवडतात. ते धुळ्याला गेले की धुळं बायपासवरून पाहतात. एसी वाया जाईल म्हणून काचा बंद, त्यामुळे एरंडोल, पारोळा ही त्यांच्या लेखी फक्त पाट्यांवरची नावं. परत आले की गाडीच्या मागच्या काचेवर नवा स्टिकर लागतो आणि महिनाभर त्या स्टिकरविषयी बोलणं चालतं.

माझ्या सवयींवर ते हसतात. मी मोटरसायकलवर असते, बायपास घेत नाही आणि वाटेतल्या गावात उतरून कुणाशी तरी बोलल्याशिवाय पुढे जात नाही. ही सवय वडिलांची. ते चळवळीची पत्रकं वाटत फिरायचे: नरडाण्याला स्टेशनबाहेर, चाळीसगावला बाजारपेठेत, साक्रीला आठवडे बाजारात. सुट्टीत मी त्यांच्या स्कूटरवर मागे, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. त्यांचा नियम होता की पत्रक फेकायचं नाही, हातात द्यायचं, आणि देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. कितीतरी लोक पत्रक न वाचता त्यात शेंगदाणे बांधून न्यायचे. वडील म्हणायचे, चालेल, माणूस भेटला ना.

यंदाच्या थंडीत ग्रुपने साक्रीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला भरीत पार्टी ठरवली. जळगावचा माणूस कुठेही गेला तरी परक्या वांग्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून वांगी घरून, मिरच्या घरून, कांद्याची पात घरून, भाजलेली वांगी ठेचायचं लाकडी भांडंसुद्धा घरून. घेतल्या नव्हत्या त्या फक्त वांगी भाजायच्या कपाशीच्या काड्या.

"काड्या काय, कुठेही मिळतात," असं ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणाला. त्याचं टाइल्सचं दुकान आहे आणि आवाज सभेचा आहे.

आमच्याकडे त्या खरंच कुठेही मिळतात. कापूस वेचून झाला की बागायतदाराला उभ्या काड्या नकोशा होतात. शेत मोकळं करायची घाई असते, म्हणून तो स्वतःच त्या बांधावर पेटवून देतो. कुणी दोन मोळ्या मागितल्या तर वर चहा पाजतो. या मंडळींना वाटतं, सगळं जग म्हणजे जळगाव तालुक्यातलं ओलिताचं शेत.

मी साक्रीच्या बाजारात रेंगाळले आणि मागे पडले. पोचले तेव्हा रस्त्यालगतच्या एका घरापुढे, मोहाच्या झाडाखाली ग्रुपच्या तिन्ही गाड्या लागल्या होत्या. अंगणात मोठी आग, आगीवर ड्रोन घरघरत होता. घराला बाहेरून कडी.

"काड्या कुठून आणल्या?" मी विचारलं.

"मागे गंजी पडली होती, मॅडम. टाकलेली."

मी घरामागे गेले. जमीन झाडलेली. बाजूला जाड प्लास्टिकचा कागद चुरगळून पडलेला, त्याच्या कोपऱ्यांना दोरीने दगड बांधलेले. टाकलेल्या वस्तूवर कुणी प्लास्टिक घालून दगड बांधतं? भरताला दोन मोळ्या पुरल्या असत्या. बाकीची अख्खी गंजी यांनी ड्रोनसाठी जाळली, वरून ज्वाळा छान दिसतात म्हणून.

वांगी ठेचून होत आली तेवढ्यात घरची म्हातारी आणि तिची सून बाजारातून आल्या. म्हातारीने डोक्यावरची पिशवी खाली ठेवली, राखेकडे पाहिलं, घरामागे जाऊन आली आणि सगळंच जाळलं का, असं अहिराणीत विचारलं.

"बठ्ठं जाळी टाकं का रे भाऊ?"

"या अक्का, या!" अ‍ॅडमिन उठून उभा राहिला. "बसा, भरीत खा. अस्सल जळगावचं आहे. असं वांगं तुमच्या साक्रीत मिळायचं नाही!"

"भरीत राहू दे. पावसायामा चुल्हा कसावर पेटाडू मी?"

पावसाळ्यात तिकडे जंगलातलं सरपण ओलं असतं. कोरडवाहू तुकड्यातल्या आणि मजुरीच्या शेतांतून डोक्यावर आणलेल्या त्या काड्यांवर तिच्या घराचा पावसाळाभराचा स्वयंपाक होणार होता.

"गॅस नाही का? सिलिंडर तर सगळ्यांना मिळालंय," कुणीतरी म्हणालं.

"शे ना. रिकामं शे."

"त्यावर कोंबडी बसस," सून म्हणाली आणि एकटीच हसली.

"अक्का, आमच्याकडे तर शेतकरी काड्या फुकट जाळतात हो," अ‍ॅडमिनने समजूत घातली.

"मंग तठेच जाळानं व्हतं ना, भाऊ."

यावर त्याने हात जोडून "सॉरी हं" म्हटलं, तेही मोबाइलवर शूटिंग चालू ठेवून. म्हातारी आत गेली. मंडळी जेवायला बसली. पात जरा कमी पडली, अशी तक्रारही झाली.

मी न जेवता दारात गेले आणि अक्काला विचारलं, काय आणून देऊ? ती म्हणाली, "काड्याच दे. दुसरं काय नको." पाऊस लागायच्या आत आणून देते, असा मी तिला शब्द दिला.

संध्याकाळी व्हिडिओ आला: आग, मागे ढोलाचं म्युझिक, मोहाचं झाड, आणि खाली ओळ, 'साक्रीचं आदरातिथ्य'. मी ग्रुपवर लिहिलं की अ‍ॅडमिनच्या मेहुण्याच्या शेतात काड्या तशाच उभ्या आहेत, दुकानाचा पिकअप दारात आहे, एक खेप टाकू या.

"मॅडम, पत्रक काढा आता!" पहिलं उत्तर.

"पिकअपमध्ये कचरा होतो ताई, टाइल्सना ओरखडे पडतात."

"अक्काने माफ केलं ना? विषय संपला."

अक्काने माफ केलं नव्हतं. ती दार लोटून आत बसली होती. पण ते पाहायला यांच्यापैकी एकाचीही मान ताटातून वर झाली नव्हती. आता ही माणसं पुढची सहल ठरवताहेत. मेहुण्याने त्या काड्या बांधावर पेटवून दिल्या. स्टिकर मात्र लागला.

म्हणून वडिलांसारखं मी हे तुमच्या हातात देते आहे. तुमच्या शेतात कपाशीच्या काड्या अजून उभ्या असतील तर काडी लावू नका. उपटा, मोळ्या बांधा, बांधावर ठेवा. येत्या रविवारी सकाळी मी भाड्याचा पिकअप घेऊन जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे असं साक्रीला निघते आहे, प्रत्येक गावातून, बायपास न घेता. रस्त्यावर येऊन हात दाखवा. मी थांबेन, मोळ्या मीच उचलेन.