सुगंधाचं गाऱ्हाणं

नाहूरच्या सुगंधाला कित्येक वर्षं कानात एकच आवाज येतो. ‘गप रव, चेडवा.’ म्हणजे, गप राहा, पोरी. गोळ्यांनी तो बारीक झाला. पण त्याच्याबरोबर तिचं हसू गेलं, रडूही गेलं. आई वारली त्या दिवशी ती सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली. लोक म्हणाले, दगड आहे नुसती. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

मागचं उकरू नका, पोर बिघडेल, असं कुणीतरी भावाला, देवेशला, बजावलं होतं. घरच्यांना तेच हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग घाटकोपरच्या एका दवाखान्यात समुपदेशक दिशा भेटली. गोळ्या चालूच ठेवून तिने बेताबेताने विचारलं, “हा आवाज कुणासारखा वाटतो गं?” सुगंधा बरेच आठवडे खिडकीबाहेर बघत राहिली. मग एकदा दळणाचा निरोप द्यावा तसं सांगून टाकलं. मानखुर्दच्या जुन्या खोलीतला पोटमाळा. ती लहान, परकरातली. तोंडावर दादूकाकाचा हात.

“काय वाटतंय आता?”

“काहीच नाही.”

“चालेल. पाय जमिनीला टेकव. आत्ता तू इथे आहेस, माझ्यासमोर.”

असं पुन्हा पुन्हा सांगितल्यावर आवाजाला चेहरा आला. पण घरी सांगायचं कसं? वेडीचं कोण खरं मानणार, आणि तेही थोरल्या काकाविरुद्ध!

गणपतीत गाऱ्हाणं घालायचा मान दादूकाकाचाच. यंदाही नारळ हातात धरून तो देवापुढे उभा राहिला. मागे देवेश, वहिनी नीलम, सगळे हात जोडून.

“बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवाक जा काय बाधला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले. दरवर्षी म्हणतात.

“काका,” सुगंधा म्हणाली, “मला बाधलात ते तुम्हीच. पोटमाळ्यावर. माझ्या कानात बोलता तेही तुम्हीच.”

काकाने तिच्याकडे पाहिलं नाही. देवेशनेही पाहिलं नाही. तो हळूच बायकोला म्हणाला, “नीलम, हिची गोळी चुकली का गं?”

“घेतलीय,” सुगंधाच म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला राग आला होता.