बंद सर्व्हर आणि आल्याचा चहा

गिरणीतून दळलेली हळद घरी आली, की त्या वासासरशी मला हट्टा गावाजवळचं हळदीच्या लिलावाचं आवार आठवतं. तिथले हळदीचे भाव क्लाउडवरच्या एका सर्व्हरवर चढायचे, आणि तो सांभाळायला आम्ही दोघं होतो, मी आणि माझ्या मागून आलेली एक मुलगी. मी मेमरी वाढवली तेव्हा सर्व्हर बंद करावाच लागला. लिलाव थांबला आणि पिवळ्या हातांचे व्यापारी माझ्यावर खेकसले. पुढे तिने डिस्क वाढवली. डिस्क काय, चालू सर्व्हरवरही वाढते, त्यात तिची कसली करामत? पण सगळे मलाच विचारू लागले, "ताईनं बंद न करता केलं, तुमाला काहून जमलं न्हाई?" मी फरक समजावत राहिलो, ऐकतंय कोण! मग प्रोसेसर वाढवायची वेळ आली. त्याला सर्व्हर बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पाळी तिची होती. ती बोलणी खाताना बघावी म्हणून मी मुद्दाम पोत्यांच्या थप्पीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने थांबायला सांगताच सगळ्यांत तापट व्यापारी म्हणाला, "करा ताई, बिनधास्त. तुमी बंद करून राहिल्या म्हंजे गरजच असंल." वर तिच्यासाठी चहा मागवला. आज माझ्या हाताखाली कितीतरी सर्व्हर आहेत, तरी त्या चहात आलं होतं हे मी विसरलेलो नाही. मला तिथे कुणी कधी बिनआल्याचासुद्धा पाजला नव्हता.