आमेन झालं, ठराव मंजूर

सुलोचना सिस्टरांवर अन्याय झाला. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, त्यांच्याच मदरहाऊसच्या, म्हणजे सिस्टरांच्या राहायच्या घराच्या, हॉलमध्ये, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना. मी तिथली ऑफिस असिस्टंट. सभेचं इतिवृत्त, म्हणजे मिनिट्स, मीच लिहीत होते, म्हणून वेळ पक्की सांगते.

सुलोचना सिस्टर डीकनेस आहेत, म्हणजे लुथरन चर्चच्या मंडळीत सेवेला आयुष्य वाहिलेली बाई. आपण नुसतं सिस्टर म्हणतो. लग्न नाही, स्वतःचं घर नाही, पाठवतील तिथं जायचं. बदल्यात मदरहाऊसने शेवटपर्यंत सांभाळायचं. सुलोचना सिस्टरांनी वणीच्या खाणवस्तीत उमेदीची सगळी वर्षं बाळंतपणं केली. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत.

मदरहाऊसच्या घटनेत साफ लिहिलंय: सिस्टरला कायमचं बाहेर ठेवायचं तर बाकीच्या सिस्टरांनी हात वर करून मत द्यायचं. त्या दिवशी अजेंड्यावर हा विषयच नव्हता. सभेचे अध्यक्ष पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर. त्यांनी शेवटची प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू, सुलोचना सिस्टरांना फुलसावंगीला भाच्याच्या घरी विसावा दे. त्यांची खोली नर्सिंगच्या मुलींच्या उपयोगी पडू दे."

"आमेन," सगळ्या म्हणाल्या. सवयीने. सुलोचना सिस्टरही म्हणाल्या.

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "लिहा. ठराव एकमताने मंजूर."

"साहेब, ही तर प्रार्थना होती."

"मग? देवासमोर हो म्हटलेलं मागे घ्यायचं का?"

मी हेड सिस्टरांकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत बसल्या. मी लिहिलं. ते माझं पाप, लपवत नाही.

हॉल रिकामा झाला, तशा सुलोचना सिस्टर काठी टेकत टेबलापाशी आल्या. "काय लिहून राह्यली वं पोरी?"

मी वाचून दाखवलं.

"मले वाटलं, चार दिवस आरामाले धाडतात. मले काहून नाही इचारलं?"

हेड सिस्टर म्हणाल्या, "आज्ञा पाळायची शपथ घेतली आहे ना आपण?"

"घेतली ना बाई. खोटं लिहाची नव्हती घेतली."

पंधरा दिवसांत त्यांची ट्रंक जीपमध्ये चढली. भाचा वाईट नाही. ओसरीत सोयाबीनची पोती सरकवून त्याने खाट टाकून दिली. परवा सिस्टर फोनवर म्हणाल्या, "इथं मले पाहुणी म्हणतात वं. पाहुणी जाणार कधी, तेवढंच कोणी इचारत नाही."

मिनिट्स दुरुस्त करा, असा अर्ज मी दिला. "मिनिट्स कायम झालेत," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाला कुलूप. मी शिकले ते एवढंच: चुकीचं लिहायला हुकूम पुरतो, ते खोडायला सभा लागते.

तर सभा घ्यायला लावू. मदरहाऊस चालतं ते मंडळीच्याच अखत्यारीत. मंडळीच्या दहा सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते. सात सह्या माझ्याकडे आहेत. हा कागद तुमच्या हातात आहे आणि तुम्ही मंडळीचे सभासद आहात. आज सही करा, आणि सभेला येऊन सुलोचना सिस्टरांना त्यांची खोली परत द्या.