मिशीवाल्या सुरईची नागपंचमी

गेल्या नागपंचमीला आमच्या घरी एका हंगेरियन माणसाची पूजा झाली.

माणूस मातीचा होता, उंची एक फूट. माझा मॅनेजर लास्लो हंगेरीचा. तिकडे तिसा नदीकाठचे कुंभार पूर्वी माणसाच्या रूपातल्या सुरया घडवायचे. डोक्यावर उंच टोपी, पिळदार मिशा, अंगात पांढरट कोट आणि पोटावर सरपटणारा साप! (साप कशाला, हे मी विचारलं नाही. मॅनेजरला मी कमीच प्रश्न विचारतो.) ही सुरई खुद्द लास्लोच्या खापरपणजोबांच्या हातची, तळाला त्यांचं नाव कोरलेलं. लास्लो सुट्टीवर निघाला होता आणि त्याच्या फ्लॅटला रंग लागणार होता. म्हणून, "ऑफिसातला सर्वांत काळजी घेणारा माणूस तू," असं म्हणत त्याने ती माझ्या हवाली केली. परत आल्यावर माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं की नाही, हेही तोच ठरवणार होता. आखातातल्या आमच्या वस्तीपर्यंत, मोहम्मद बिन झायद सिटीपर्यंत, टॅक्सीत मी ती मांडीवर धरून आलो. सीटबेल्ट दोघांत एक!

नागपंचमीला ऑफिसातून घरी येतो तो काय! खापरपणजोबांनी घडवलेल्या कोटावर हळदकुंकू, टोपीत लाह्या आणि मिशांवरून दूध ठिबकतंय. समोर व्हिजिट व्हिसावर आलेली माझी आई हात जोडून बसलेली.

"आई, हे काय केलंस?"

"अरे, म्हटलं इथे मातीचा नाग कुठून आणायचा? तर तू आधीच आणून ठेवलेला! गुणाचं पोर माझं."

"ती सुरई आहे! मॅनेजरच्या खापरपणजोबांची!"

"मग बरंच झालं की. त्यांनाही नैवेद्य पोचला."

कुंकू पुसलं गेलं. हळद मात्र झिलईच्या बारीक तड्यांत शिरून बसली. पट्टी लावून पाहिलं, डाग साडेचार सेंटिमीटर. पुन्हा मोजला, तर पाच!

"साबण लावू का?" मी विचारलं.

"बाबा, डोन्ट टच इट!" आमची सई किंचाळली. "ओल्ड ग्लेझ! इट विल पील ऑफ!"

"म्हणजे खलास!" मी मटकन खाली बसलो. नोकरी गेली, मग व्हिसा, मग सईची शाळा. हिशेब करत मी थेट गावी, कराडच्या एसटी स्टँडवर पोचलो.

"उठा," बायको म्हणाली. "हळदीचा डाग उन्हात जातो. आणि ऊन इथे फुकट आहे."

सुरई बाल्कनीत ठेवली. पण तिथे कबुतरं! वारा! वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी! तिला एकटं ठेवायची माझी छाती होईना. शेवटी तीन दिवस रजा टाकून ऑगस्टच्या उन्हात मी तिला कवटाळून बसलो. खालून वॉचमनने हाक मारली, "साब, सब ठीक है ना?" मिशीवाल्या मडक्याची मिठी न सोडता मी अंगठा वर केला.

डाग फिका होत होता, तेवढ्यात लास्लोचा मेसेज आला. तो लवकर परतला होता आणि संध्याकाळी सुरई न्यायला येणार होता.

आला. मोबाईलचा टॉर्च लावून त्याने टोपी पाहिली, मिशा पाहिल्या, सापावरून बोट फिरवलं. आईने तोंड उघडलं. बायकोने त्यात लाडू कोंबला. त्याने सुरई उलटी करून तळाचं नाव वाचलं.

"परफेक्ट!"

मी हुश्श म्हणणार, एवढ्यात टॉर्च माझ्याकडे वळला.

"पण तुला काय झालंय? रिन्यूअलचं नंतर बघू, आधी फुल मेडिकल करून घे!"

मी आरशात पाहिलं. सुरईवर डाग औषधालाही उरला नव्हता. माझी झिलई मात्र नाकापासून कानापर्यंत सोलून निघाली होती!